वानटोक आणि खुर्ची

पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. तिथल्या टोक पिसिन भाषेत ‘वानटोक’ म्हणजे आपली भाषा बोलणारा, आपला माणूस. अडीअडचणीला तोच धावून येतो. पण हाच वानटोक सचिवाच्या दारात नोकरी किंवा कंत्राट मागायला उभा राहिला, तर? १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात वरिष्ठ अधिकाऱ्यांना नेतृत्वाचे आणि सुशासनाचे प्रशिक्षण देताना खरा कस इथे लागतो.

माझ्या मते, या प्रशिक्षणाने वानटोकला शत्रू ठरवू नये. सरकारी मदत पोहोचत नाही तिथे हीच माणसे एकमेकांना सांभाळतात. अधिकाऱ्याला शिकवायचे ते एवढेच : नातलगाला स्वतःच्या पगारातून हवे तेवढे द्या, खुर्चीतून काही देऊ नका. नियम लेखी असले आणि निवड समितीने केली, की ‘नाही’ म्हणणेही सोपे जाते.

कॅडेट मित्रांनो, आपल्या शाळेत मराठी बोलणारे थोडेच. दोन शब्द कानावर पडले की बरे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. पण उद्या ड्यूटीची यादी आपल्या हाती आली, तर एक ध्यानात ठेवू : रात्रीच्या पहाऱ्यातून आपल्या माणसाचे नाव वगळले, की तो पहारा दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जातो.