पोरक्या ओरांगउटानांचा जंगलावरचा हक्क

‘एका पिलावर सात-आठ वर्षे खर्च करण्यापेक्षा त्या पैशात जंगल वाचवा,’ असा आक्षेप ओरांगउटानांच्या पुनर्वसनावर घेतला जातो. घेणारे बहुधा संवर्धनातलेच जाणकार असतात, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले 1 लाखाहून अधिक ओरांगउटान नाहीसे झाले, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यापुढे जंगलात परत सोडलेले काही शे कुठे पुरणार?

पण पुनर्वसनाचा पैसा जंगलाच्या वाट्यातून जातो, हे गृहीतच चुकीचे आहे. पिलू सोडायचे तर आधी सुरक्षित जंगल हाती असावे लागते. बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल फाउंडेशनने उभ्या केलेल्या कंपनीने 2010 मध्ये पूर्व कालिमांतानमधल्या केहजे सेवेनच्या सुमारे 86 हजार हेक्टर जंगलाचा परवाना मिळवला, तो याच गरजेपोटी. पिले नसती तर त्या जंगलासाठी एवढा आटापिटा कुणी केला असता?

शिवाय कायदा आहे. इंडोनेशियात 1990 पासूनच्या कायद्याने ओरांगउटान पाळणे गुन्हा ठरतो. पण जप्त केलेले पिलू वनखात्याने ठेवायचे कुठे? पुनर्वसन केंद्रच नसेल तर कायदा कागदावर राहतो आणि पिलू कुणाच्या तरी परसात साखळीला बांधलेले राहते.

‘माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेले पिलू रानात कसे टिकणार?’ ही शंका घेणाऱ्यांनी मध्य कालिमांतानमधल्या न्यारू मेंतेंगची वनशाळा समजून घ्यावी. गावातल्या बायका रोज सकाळी पिलांना कडेवर घेऊन रानात जातात. पिलू जमिनीवर रेंगाळले की त्याला झाडाकडे वळवतात, कारण ओरांगउटानाचे आयुष्य वरच जाते. कोणते फळ खायचे, वाळवी कुठे सापडते, फांद्या वाकवून रात्रीचे घरटे कसे विणायचे, हे आईकडून शिकायला त्याला सहा-सात वर्षे लागतात. आई मारली गेली की ते शिक्षणही तिथेच तुटते. म्हणून इथे घाई चालत नाही. शाळेनंतर नदीतल्या बेटांवर ती स्वतःच्या बळावर जगतात का, हे पाहिले जाते. सोडलेल्या माद्यांना रानात पिल्ले झाली आहेत; माझ्या लेखी याहून मोठा पुरावा नाही.

मात्र पुनर्वसनाच्या नावाखाली चालणाऱ्या सगळ्याच गोष्टींचे समर्थन मी करणार नाही. पर्यटकांसमोर केळी देऊन ओरांगउटान खाली बोलावणे हा तमाशा आहे. माणसाचा क्षय त्यांना होतो, त्यामुळे तपासणीविना एकही पिलू रानात जाता कामा नये. पूर्वी वेगळ्या उपजातीचे प्राणी एकाच रानात सोडले गेले, संकर झाले. ती चूक पुन्हा नको. जिथे जंगली ओरांगउटान आधीच नांदतात तिथे नवे सोडू नयेत, हा इंडोनेशियातला 1995 चा नियम मला योग्य वाटतो.

पुनर्वसन नको म्हटले तर उरतो एकच पर्याय: आयुष्यभर पिंजरा. बंदिवासात ओरांगउटान पन्नासेक वर्षे जगू शकतो. तेवढ्या वर्षांच्या खर्चाचा हिशेब आक्षेप घेणारे मांडत नाहीत.

आणि पुनर्वसनाचा खर्च देणगीदारांनीच का सोसावा? बोर्निओ-सुमात्रात तेलताडाच्या मळ्यांसाठी रान साफ होते, भुकेलेली मादी मळ्यात शिरते, मारली जाते आणि पिलू विकले जाते. त्या तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. आपले फरसाण त्यात तळले जाते. पोरक्या पिलांचा खर्च तेलाच्या किमतीत धरला गेला पाहिजे, आणि तो मळेवाल्यांकडून आणि आयातदारांकडून वसूल झाला पाहिजे.