हौशी, पण कुणाच्या पगारावर?

घणसोली गावात पोरगा कबड्डीत चमकू लागला की जाणती माणसं विचारतात, पोलिसांत लागणार, रेल्वेत की बँकेत? खेळाकडे असं नोकरीच्या नजरेनं पाहणं अनेकांना कोतं वाटतं. खेळ खेळासाठीच खेळावा म्हणणारे मग जुन्या टेनिसचा दाखला देतात: पांढरे कपडे आणि बक्षिसाच्या पैशाला न शिवणारे हौशी खेळाडू. झेन्झो शिमिझूचं आयुष्य नीट पाहिलं तर हा दाखला लंगडा पडतो. हा जपानी तरुण टोकियोत व्यापाराचं शिक्षण घेऊन मित्सुई कंपनीत लागला आणि कंपनीनं त्याला कलकत्त्याला धाडलं. मायदेशी तो मऊ रबरी चेंडूनं खेळलेला. कडक चेंडूवर त्याचा हात बसला तो कलकत्त्यात. १९२० मध्ये तो विम्बल्डनच्या आव्हानवीर ठरवणाऱ्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या बिल टिल्डनकडून ६-४, ६-४, १३-११ असा हरला. पुढच्या वर्षी डेव्हिस कपमध्ये जपाननं शिकागोत भारताला ५-० असं धुतलं आणि मग ऑस्ट्रेलेशियालाही हरवून अमेरिकेशी गाठ घेतली. न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर शिमिझूनं टिल्डनकडून पहिले दोन सेट हिसकावले, तिसऱ्यात विजय दोन गुणांवर आला, आणि निसटला. त्याचा संघातला सहकारी कुमागाए तेव्हा न्यूयॉर्कला मित्सुबिशीत नोकरीला होता.

कुणी म्हणेल, कंपनी पगार देते, मनगट देत नाही. मित्सुईचे कितीतरी नोकर परदेशी गेले, शिमिझू एकच झाला. बरोबर आहे. पण बक्षीस घेणं निषिद्ध असताना बोटीचं भाडं आणि महिनोन् महिने रजा कुठून यायची? १९२१ च्याच डेव्हिस कपमध्ये पॅरिसला फ्रान्सला ४-१ असं हरवणारा आपला संघ पाहा: जेकब सनदी अधिकारी, सलीम बॅरिस्टर, मुंबईच्या फैजी घराण्यातले अतहर अली डॉक्टर. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मालकाच्या पगारावरचा खेळाडू मालकाच्या मर्जीनं चालतो. कंपनीनं परदेशी ऑनसाइट धाडलेल्या, घणसोलीशेजारच्या महाप्याच्या इंजिनिअरला हे वेगळं सांगायला नको. तरीही दुसरी वाट काय होती? उघडपणे पैसे घेऊन खेळावं, तर मोठ्या स्पर्धा बंद. १९३० च्या अखेरीस खुद्द टिल्डननं ती वाट धरली आणि त्याच वर्षी जिंकलेल्या विम्बल्डनमध्ये त्याला पुन्हा उतरता आलं नाही. व्यावसायिकांसाठी ते दार १९६८ मध्ये उघडलं. तोवर टिल्डन जाऊन पंधरा वर्षं होत आली होती.