वेगाचे आकडे आणि जुनी तबकडी

मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या सुट्या भागांविषयी लिहावे, हे काहींना अस्थानी वाटेल. पण आपली टाचणे, प्रबंधांची प्रकरणे, जुन्या नियतकालिकांची छायांकित पाने आता कपाटात नसून लॅपटॉपमध्येच असतात. ती कशावर ठेवायची, हा प्रश्न दुकानदारावर सोपवण्याइतका गौण राहिलेला नाही.

माझा लॅपटॉप दहा वर्षांचा. तो सुरू होईपर्यंत पहिल्या बाकावरची मुले आपापसांत हजेरी उरकू लागली, तेव्हा हार्ड डिस्क बदलून एसएसडी घालायचे ठरवले. दुकानदाराने सेकंदाला ७००० मेगाबाइट वाचणारा एनव्हीएमई ड्राइव्ह पुढे केला. माझ्या यंत्रात अडीच इंची साटा जोडणीच आहे, हे स्क्रू काढल्यावर त्याला कळले! (काही यंत्रांत एम.२ची खाच असते, पण तिच्यातही फक्त साटाच चालतो. म्हणून खाच पाहून न थांबता माहितीपुस्तिका पाहावी.) साटा ड्राइव्ह सेकंदाला ५५० मेगाबाइटच्या आसपास थांबतो. मला घाट्याचा सौदा करावा लागणार, अशी सहानुभूती त्याच्या चेहऱ्यावर होती.

ती अनाठायी होती. ७००० हा आकडा एकच अवाढव्य फाइल सलग वाचण्याचा आहे. आपण काय करतो? शब्दकोश उघडतो, टाचण उघडतो, चाळीस छोट्या फाइलींत एक संदर्भ शोधतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचे, शिवाय सुई योग्य जागी सरकायला त्याहून अधिक वेळ. ग्रंथालयातला शिपाई प्रत्येक पुस्तकासाठी नव्याने जिना चढतो, तसा हा प्रकार. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तीच नोंद मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हाती येते. तबकडीवरून कोणत्याही बऱ्या एसएसडीवर जाणे ही खरी झेप आहे. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याने लेख टंकणाऱ्याला फारसे काही जाणवत नाही. चित्रफिती संपादित करणाऱ्यांची गोष्ट निराळी.

विजेच्या बचतीबद्दलही असाच फुगवटा आहे. एखादा वॉट वाचतो, नाही असे नाही. पण पडदा आणि प्रोसेसर आपला वाटा सोडत नाहीत. लॅपटॉप आठ वॉट खात असेल आणि बॅटरी चार तास टिकत असेल, तर एका वॉटने अर्धा तास वाढेल. अतिवेगवान ड्राइव्ह तर ऐन कामात साध्या ड्राइव्हहून अधिक वीज खातात आणि तापतात.

मात्र ज्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. माझ्या जुन्या डिस्कवर जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आहे. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत. हार्ड डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल जाणकार माणूस पुष्कळदा परत मिळवून देतो. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. तिच्यामुळे पुसलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच रिकाम्या करतो आणि मग फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. शिवाय एसएसडीतली अक्षरे म्हणजे कोंडलेला विद्युतभार. जेईडीईसीच्या मानकानुसार, लेखनाची मर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश सेल्सियसला एक वर्ष मजकूर धरून ठेवला की पुरे. नवा ड्राइव्ह त्याहून खूप अधिक तग धरतो, हे खरे. तरी उष्णता वाढली की ही मुदत घटते, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यातले कपाट ३० अंशांवर थांबत नाही.

म्हणून मी ५०० गिगाबाइटचा साधा साटा ड्राइव्ह घेतला. मोठा आणि वेगवान घेण्यातून वाचलेल्या पैशांत यूएसबीची पेटी आणि आणखी एक बाह्य हार्ड डिस्क आली. दुकानदार जुनी डिस्क ठेवून घेऊन थोडी सूट द्यायला तयार होता, दिली नाही. ती आता त्या पेटीत आहे, ओव्यांची दुसरी प्रत नव्या बाह्य डिस्कवर, आणि तिसरी विभागातल्या एका सहकाऱ्याच्या घरी.