मुंगीवरून गोळीची पारख करू नका

चिंचवडला आमच्या शेजारच्या काकूंनी परवा ओट्यावर दोन चिमटी ठेवल्या. एक साखरेची, दुसरी शुगरफ्रीची गोळी चुरून. तासाभरात साखरेला मुंग्यांची रांग लागली, गोळीकडे एकही फिरकली नाही. "मुंगी खात नाही ते माणसानं का खावं?" म्हणत काकूंनी गोळ्यांची डबी फेकली. मधुमेह असलेल्या काकांच्या चहात पुन्हा दोन चमचे साखर पडू लागली. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही अशा मुंग्यांचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आहे, म्हणून कळकळीने सांगते.

मुंगी विष तपासत नाही, चव तपासते, आणि तिला लागणारी चव आपल्यासारखी नसते. माशी तर पायांनीही चव घेते. मधमाश्यांना सॅकरिन गोड लागत नाही, हे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी गेल्या शतकातच दाखवलं. मांजराला गोड कळतच नाही. ते पेढ्याला तोंड लावत नाही, म्हणून पेढा विषारी ठरतो का? उलट प्रमेहात, म्हणजे मधुमेहासारख्या विकारात, लघवीला मुंग्या लागतात, हे चरकसंहितेत नोंदवलेलं आहे. मुंगी साखरेच्या मागे जाते, आपल्या भल्याच्या नव्हे.

2014 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एका शाळकरी मुलाच्या प्रयोगातून पुढे आलेलं संशोधन प्रसिद्ध केलं. एरिथ्रिटॉल असलेला स्वीटनर, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, खाल्लेल्या फळमाश्या सरासरी सहा दिवसांच्या आत मेल्या. पण माणसाच्या शरीरातून एरिथ्रिटॉल बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडतं. माशीच्या मरणावरून आपला निकाल लागत नाही.

याचा अर्थ गोळ्या मनमुराद घ्या असाही नाही. वजन घटवण्यासाठी स्वीटनर वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं; मात्र आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. फिनाइलकेटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अ‍ॅस्पार्टेम हा स्वीटनर टाळायलाच हवा. अ‍ॅस्पार्टेमची गोळी चहासोबत उकळू नका, कपात टाका; उष्णतेने तिचा गोडवा जातो.

डबी फेकण्याआधी डॉक्टरांना विचारा. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. आणि जमेल तसा चहाचा गोडवाच कमी करत चला, आज दोन चमचे असेल तर पुढच्या आठवड्यात दीड. काकांचा चहा किती गोड असावा, ते त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून ठरवा, ओट्यावरच्या मुंग्या पाहून नको.