कोयत्याचा मुक्काम

2021 मध्ये महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. फिरत्या घराला थांबायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह लागते, हे शासनाने मान्य केले. मग दिवाळीच्या सुमारास वाशी, भूम, कळंबमधून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्यांना तेच का मिळू नये? तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. गाडीत ज्वारीचे पीठ, हंडे, गोधड्या आणि अंगावर पिणारे मूल. शाळेतली पोरे आजीपाशी. पुढे कित्येक महिने पाचटाची कोप हेच घर, आणि बाईची अंघोळ उजाडायच्या आत, अंधारात.

कोणी म्हणेल, हे पर्यटक नव्हेत, मजूर आहेत. उचल देणाऱ्या मुकादमाने पाहावे. पण उचल म्हणजे मजुरीचीच आगाऊ रक्कम, ती घाम गाळून फिटते. तिच्या बदल्यात पाण्याचा हक्क कोणी विकलेला नसतो. तळ हलतात, ही अडचण मात्र खरी. तरीही कोणत्या शिवारात तोड कधी लागणार, याचा कार्यक्रम कारखाना आखतोच. टँकर आणि फिरते शौचालय त्याच कागदावर बसवता येईल. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ते हंगामाआधी बसवून घ्यावे. आणि खाड्याचाही विचार व्हावा: आजीपाशी ठेवलेल्या लेकराला भेटायला आई एक दिवस गावी आली, तरी तिच्या हिशेबातून पैसे कापले जातात.