पिकाची तहान आणि धरणाचा हिशेब

यंदा पाऊस किती पडला, हे आपण दरवर्षी विचारतो. पिकांना पाणी किती लागले, हे क्वचितच विचारतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे 29 अब्ज घनफूट उपयुक्त साठा होतो. धरणे भरल्याची वार्ता छापून आली की पुणेकर निश्चिंत होतात. उन्हाळा तापू लागला म्हणजे मात्र हेच पाणी शहराच्या नळाला द्यावयाचे की दौंड-इंदापूरच्या कालव्याला, असा वाद उभा राहतो. या वादात जमेची बाजू सर्वांना तोंडपाठ असते. खर्चाची बाजू बदलू लागली आहे, तिकडे कोणी पाहत नाही.

पीक मुळांवाटे जे पाणी घेते, त्यातील अत्यल्प भाग स्वतःजवळ ठेवते; बाकीचे पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून हवेत सोडून देते. म्हणून त्याची तहान जितकी जमिनीवर, तितकीच आकाशावर अवलंबून असते. ऊन, तपमान, आर्द्रता व वारा या चार गोष्टींवरून ती मोजण्याची रीत जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 साली प्रमाण म्हणून मांडली. तपमान 1 अंशाने वाढले तर हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे 6 ते 7 टक्क्यांनी वाढते. आर्द्रतेची भर त्या मानाने पडली नाही, तर तापलेली हवा पिकाकडून अधिक पाणी मागते.

तथापि, यावरून प्रत्येक पिकाची गरज तितक्याच टक्क्यांनी वाढली, असे अनुमान काढणे उतावीळपणाचे होईल. तपमान वाढत असतानाही भारतात अनेक ठिकाणी उघड्या पात्रातील बाष्पीभवन घटल्याचे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. हवेत कर्बवायू वाढला की पानांची रंध्रे काहीशी आकसतात व पाणी वाचते. उष्म्याने गहू लवकर पिकतो, त्यामुळे पाण्याचे दिवस कमी होतात. पण दाणाही बारीक राहतो. अशी बचत कोणास हवी आहे?

खरे संकट वर्षाच्या बेरजेपेक्षा वेळेचे आहे. 2022 चा मार्च हा देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला व उत्तरेतील गहू ऐन दाणे भरण्याच्या वेळी होरपळला. 2023 चा ऑगस्ट हा त्याच काळातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि महाराष्ट्रातील खरिपाचे डोळे आकाशाकडे लागले. अशा समयी एक संरक्षक पाणी आठ दिवस आधी मिळणे व आठ दिवस उशिरा मिळणे यांत पीक हाती येणे व जाणे एवढे अंतर असते. आवर्तनांचे वेळापत्रक मात्र हंगामाच्या आरंभी बैठकीत ठरते, आणि उन्हाची लाट काही त्या बैठकीची अनुमती घेऊन येत नाही.

आमच्या मते उपाय अज्ञात नाही, उपेक्षित आहे. पाणी मोजून, घनमापाने, पाणीवापर संस्थांच्या हाती द्यावे, असा कायदा महाराष्ट्राने 2005 सालीच केला. त्याचा अंमल चारीपर्यंत पोहोचला पाहिजे. हवामानाच्या नोंदींवरून दर आठवड्याला पिकाची गरज काढून आवर्तन पुढे-मागे करण्याची मुभा कालव्याच्या अधिकाऱ्यांना हवी. बारा महिने व त्याहूनही अधिक काळ शेतात उभ्या राहणाऱ्या उसाला पाटाने मोकाट पाणी देण्याची चैन तर आता परवडणारी नाही.

परंतु शेतकऱ्याला काटकसर शिकविण्यापूर्वी नागरिकांनी आपल्या घरात डोकावणे इष्ट. शहर वापरते त्या पाण्याचा मोठा भाग सांडपाणी होऊन नदीत जातो. तो नीट शुद्ध करून शेतीला परत करणे हा कालव्याखालच्या शेतकऱ्यावरचा उपकार नव्हे; ते शहराचे देणे आहे. धरण एक आहे, आकाशही एकच आहे. आवक व गरज या दोन्ही बाजू मोजल्याशिवाय केलेली वाटणी न्यायाची ठरणार नाही, आणि पुढच्या कडक उन्हाळ्यात ती टिकणारही नाही.