एका गुन्ह्याच्या दोन शिक्षा

हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 साली ठरवले. आजचा सारा अन्याय त्या निवाड्यावर उभा आहे. शिक्षा नाही, म्हणून सरकारी खर्चाने वकील नाही. जुन्या गुन्ह्याला नवा कायदा लावला तरी हरकत नाही. माणूस मात्र घरदार, मुलेबाळे, रोजीरोटी, सगळे गमावून बसतो.

दुकानात चोरी करताना सापडलेला एखादा मजूर घ्या. कागदपत्रे नाहीत, मुले तिथेच जन्मलेली. त्याला सांगतात, गुन्हा कबूल कर, एक वर्षाची शिक्षा होईल पण स्थगित राहील, संध्याकाळी घरी जाशील. तो मान डोलावतो. तुरुंगात एक रात्रही न काढता 1996च्या कायद्याने तो ‘गंभीर गुन्हेगार’ ठरून खुनी आणि शस्त्रतस्करांच्या वर्गात जाऊन बसतो, कारण चोरीला वर्षाची शिक्षा लागली, मग ती भोगलेली असो वा नसो. आता आश्रय मागायची सोय नाही. दहा वर्षांचे वास्तव्य आणि मुलांचे हाल दाखवून मागता येणारी सवलतही गेली. न्यायाधीशासमोर उभे न करताच अधिकारी त्याच्या हद्दपारीचा हुकूम काढू शकतो. शिक्षा 364 दिवसांची असती तर तो या कलमात सापडलाच नसता. एका दिवसाने माणसाचा संसार मोडतो, याला न्याय कोण म्हणेल?

गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण एकदा.

कबुलीने हद्दपारी ओढवू शकते, हे वकिलाने अशिलाला सांगितलेच पाहिजे, असा निकाल यायला 2010 साल उजाडले. ज्याच्या खटल्यात हा निकाल लागला, तो माणूस व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढला होता आणि चाळीस वर्षे त्या देशात राहत होता. 2025 साली तर पुढची पायरी गाठली गेली: कागदपत्रे नसलेल्यावर चोरीचा नुसता आरोप झाला, तरी त्याला डांबून ठेवणे सक्तीचे झाले.

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेने हद्दपार केलेले 104 भारतीय अमृतसरला उतरवले गेले; प्रवासात अनेकांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. बेकायदा गेले होते, बरे झाले, असे आपल्यातले कितीजण म्हणाले! कोणत्या न्यायालयात कोणता गुन्हा शाबीत झाला, हे विचारायचेही आपल्याला सुचले नाही. ग्रीनकार्डवाल्या मराठी कुटुंबांनी तरी हे ध्यानात घ्यावे, की 1996च्या कायद्यातले गंभीर गुन्ह्याचे कलम त्यांनाही लागू आहे.

तिथल्या महाराष्ट्र मंडळांना माझे कळकळीचे सांगणे आहे. कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा, हे आपल्या प्रत्येक माणसाच्या कानावर घाला. आणि ज्याच्यापाशी कागद नाही, त्याच्यासाठीही वकील उभा करा.